ट्रॅफिक म्हणजे बाकीचे!

रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. एरवी या मीटिंगला कोरम भरत नाही. सेक्रेटरी काका अर्धा तास वाट बघतात, मीटिंग तहकूब करतात आणि त्याच चार टाळक्यांना घेऊन पुन्हा सुरू करतात. पण या रविवारी क्लब हाउस चक्क हाउसफुल! लोक उभे होते. पोहे संपले!

कारण एकच. आमच्या गेटसमोरच्या मोकळ्या प्लॉटला पत्रे लागलेत. पत्र्यांवर अजून नाव नाही, पण ब्रोकर मंडळींनी पाठवलेलं ब्रोशर सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलंय. फ्लॅट्स, ऑफिसचा टॉवर, मॉल, शाळा, सगळं एकाच कंपाउंडमध्ये. म्हणजे मिक्स्ड यूज, बॉस! आणि खाली टॅगलाइन, 'सगळं चालत जाण्याच्या अंतरावर'.

आता मी राहते हिंजवडीच्या रस्त्यावर. 'चालत जाण्याच्या अंतरावर' वाचूनच आम्हाला ठसका लागतो. इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाहीत. 'भूमकर चौक किती लांब?' असं विचारलंत तर उत्तर येतं, 'किती वाजता?'

तर काकांनी पत्र तयारच ठेवलं होतं. 'सदर प्रकल्पामुळे परिसरातील वाहतूक कोलमडेल, सबब परवानगी नाकारावी.' खाली सह्यांसाठी रेघा. कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी पेन उघडलं... आणि बंद केलं. "घरी नेऊन वाचते," म्हटलं. शेजारच्या काकूंनी असं काही बघितलं, जणू मी बिल्डरची सख्खी मेहुणीच!

बिल्डरची नाही हो. पण माझ्या सख्ख्या बहिणीला तिथेच फ्लॅट घ्यायचाय.

धाकटी हडपसरला भाड्यानं राहते आणि हिंजवडीत फेज वनमध्ये नोकरी करते. ज्यांना पुणं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एक शहराचं पूर्वेचं टोक आणि दुसरं पश्चिमेचं. ती सकाळी सातची कंपनीची बस पकडते. बसमध्येच झोपते, बसमध्येच डबा खाते आणि आईनं पाठवलेली स्थळंही बसमध्येच बघते. 'घरी पोचले' हा तिचा मेसेज येतो तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. समोरच्या प्लॉटपासून तिचं ऑफिस सव्वा किलोमीटर. 'ताई, मी चालत ऑफिसला जाईन!' हे ती महिनाभर मंत्रासारखं म्हणतेय. मी ताईगिरी करून एकच ताकीद दिलीय, महारेराचा नंबर आल्याशिवाय कुणाला एक रुपयाही द्यायचा नाही.

म्हणजे सही केली तर तिच्या घराविरुद्ध. नाही केली तर मीच रोज अडकते त्या पाऊण तासाच्या बाजूनं. जाम टेन्शन!

शेवटी मीटिंगमधल्या कुणीच केली नव्हती ती गोष्ट मी केली. रिपोर्ट वाचला.

हो, असा रिपोर्ट असतो. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर आधी पर्यावरणाची परवानगी घ्यावी लागते. त्या अर्जात ट्रॅफिकचेही प्रश्न आहेत. पार्किंग कमी पडेल का, आत्ता वाहतुकीची सोय काय आहे, गेटवर ये-जा कशी सांभाळणार, आत फूटपाथ आणि सायकल ट्रॅक कसे असतील, वगैरे. गंमत म्हणजे हे प्रश्न येतात 'हवा' या सदरात. बहुतेक सगळ्यांची उत्तरंही म्हणूनच हवेत असतात! आणि एक महत्त्वाचं. त्याच अधिसूचनेनं अशा बांधकामांना जनसुनावणीतून सूट दिली होती. खाण काढायची असेल तर गावकऱ्यांना मांडवात बोलावून विचारतात, टाउनशिपला तसं नाही. त्यामुळे आपलं पत्र म्हणजे नुसतं पत्रच. मग ते रागानं भिजलेलं असण्यापेक्षा आकड्यांनी टोचणारं असलेलं बरं.

काकांकडे या रिपोर्टची प्रिंट होती. पहिल्या पानाच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. शेवटच्या पानावर नेहमीचं वाक्य, 'वाहतुकीवर लक्षणीय परिणाम होणार नाही.' मधल्या सगळ्या पानांवर नुसते तक्ते.

आमच्या कॉलेज ग्रुपमधला एकजण ट्रॅफिक इंजिनीअर आहे. दुसऱ्या शहरात असेच रिपोर्ट लिहितो. सुटीला आला होता, त्याला मिसळीची लाच दिली. त्यानं पानं चाळली, जास्तीची तर्री मागवली आणि म्हणाला, "खोटं काही नाहीये गं यात. पण रिपोर्ट म्हणजे तंबोरा. चार खुंट्या असतात. पिळशील तसा सूर."

खुंटी पहिली : गाडी म्हणजे किती गाडी?

रस्त्यावर बस असते, रिक्षा असते, ॲक्टिव्हा असते. सगळ्यांची बेरीज करायची तर एक माप लागतं. ते म्हणजे पीसीयू, पॅसेंजर कार युनिट. कार म्हणजे १. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९९० मध्ये शहरातल्या रस्त्यांसाठी जो तक्ता दिला, त्यात टांगा आणि हातगाडीसुद्धा आहेत. आणि गाडीचा भाव गर्दीतल्या तिच्या प्रमाणावर ठरतो. टू-व्हीलर एकूण गाड्यांच्या फक्त ५ टक्के असतील तर एक टू-व्हीलर म्हणजे ०.५ कार. १० टक्के किंवा जास्त असतील तर ०.७५.

आता हिशेब बघा. १०० गाड्या घेऊ. ६० टू-व्हीलर, २५ कार, १० रिक्षा, ५ बस. नियमाप्रमाणे टू-व्हीलरला ०.७५, रिक्षाला २ आणि बसला २.२ धरलं की बेरीज १०१. त्याच टू-व्हीलरना ०.५ धरलं की ८६. एकही गाडी रस्त्यावरून न हटवता १५ कार गायब! हातचलाखीसुद्धा नाही, नुसता तक्त्यातला शेजारचा रकाना. २०१७ चं आपल्या रस्त्यांसाठीचं नवं मॅन्युअल आहे, त्यातले हिशेब आणखी वेगळे. म्हणून पहिला प्रश्न, तक्ता कुठला आणि रकाना कुठला?

खुंटी दुसरी : रस्त्याचं बारसं

गाड्या मोजल्या. आता रस्त्यात मावतात किती? त्याच १९९० च्या नियमांत दोन लेनच्या, दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या रस्त्याला ताशी १,५०० पीसीयू चालतात, पण तो मुख्य रस्ता असेल तर. म्हणजे कडेला दारं उघडत नाहीत, गाड्या उभ्या नाहीत, आडवी ये-जा जवळपास नाही. दारं उघडत असतील, पण गाड्या उभ्या नसतील तर १,२००. आणि दुकानं, पार्किंग, आडवी गर्दी सगळं असेल तर ९००.

आमच्या गेटसमोर वडापावची गाडी आहे, तीन दुकानं आहेत, कॅबवाले उभे आहेत आणि एक म्हैस रोज साडेनऊला रस्ता ओलांडते. पण रिपोर्टमध्ये या रस्त्याचं नाव मुख्य रस्ता असं घातलं की तो १,५०० चा झाला. बारसं केलं आणि बाळ लगेच कॉलेजला!

खुंटी तिसरी : ट्रिपा आणि त्यांच्यावरचा सेल

आता नव्या प्रोजेक्टमधून किती गाड्या बाहेर पडणार? अमेरिकेत यासाठी एक जाडजूड मॅन्युअल आहे. त्यात उपनगरातल्या एका स्वतंत्र घरामागे दिवसाला साधारण साडेनऊ वाहनफेऱ्या धरतात. जाणं एक, येणं एक, असे. पण ते आकडे आले बहुतेक अशा उपनगरांमधून, जिथे ब्रेड आणायलाही कारच काढतात. आपल्याकडे कंपनीची बस, डबलसीट, चालत येणाऱ्या मावशी, दहा मिनिटांत किराणा आणणारा पोरगा... हे त्या घरात कुठे बसवणार? सगळ्यात सरळ उपाय म्हणजे इथलंच एखादं तसलंच कॉम्प्लेक्स निवडायचं आणि कामाच्या दिवशी त्याचं गेट मोजायचं. आमचं गेट आहेच की समोर.

मग येते सूट. मिक्स्ड यूजचं सगळं गणित याच सुटीवर उभं असतं. आतच राहणारा आतच काम करत असेल, मुलगी आतच शाळेत जात असेल, तर त्या फेऱ्या बाहेरच्या रस्त्यावर येतच नाहीत. समजा सकाळच्या गर्दीच्या तासाला १,००० फेऱ्या निघाल्या. २० टक्के आतल्या आत म्हणून वजा, राहिल्या ८००. घरी जाताना मॉलमध्ये डोकावणारा तसाही या रस्त्यावरून जाणारच होता, तोही वजा. मेट्रो आहे म्हणून आणखी वजा. सेलमध्ये असतं ना, ५० टक्के प्लस २० टक्के, अगदी तस्संच.

पण ही सूट थापही नाही हं. हडपसरचं मगरपट्टा सिटी बघा. शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, सतीश मगर यांनी पुढाकार घेतला आणि घरं, आयटी ऑफिसं, शाळा, दवाखाना शेजारी शेजारी उभे राहिले. तिथे घरातून ऑफिसला चालत जाणारी माणसं आहेत, कारण चालायला जागा आहे. प्रश्न सूट द्यायची का हा नाही. ती कमावली का, हा आहे. फ्लॅट्स आधी आणि ऑफिसचा टॉवर पाच वर्षांनी असं झालं, तर आतल्या आत जाणार कुठे? आणि टॉवरमध्ये काम करणाऱ्या पोराला समोरचा टू-बीएचके परवडला नाही तर तो येणार बाहेरूनच.

खुंटी चौथी : बाकीचे

रिपोर्टमध्ये एक नकाशा असतो. प्लॉटभोवती एक गोल, गोलात दोन-तीन चौक. गोलाच्या बाहेर काय चाललंय ते रिपोर्टचं डोकं दुखवत नाही. नाल्यापलीकडे मंजूर झालेला टॉवर, त्याच्या मागची टाउनशिप, तिच्या मागचं बिझनेस पार्क, सगळ्यांची मिळून 'वर्षाला इतके टक्के वाढ' अशी एक ओळ. लिफ्टमध्ये प्रत्येक जण म्हणतो, मी एकटाच तर चढतोय. आणि मग लिफ्ट बोंबलते.

इथे मला एक शंका आली. मी काकांना फोन केला. "काका, आपली सोसायटी झाली तेव्हा आपला रिपोर्ट काय म्हणाला होता हो?"

काका म्हणाले, "आपल्या वेळी कुठे होता गं ट्रॅफिक!"

फोन ठेवला आणि हसू आलं. आपल्या वेळी ट्रॅफिक नव्हता, कारण आपण अजून आलो नव्हतो! माझ्या पार्किंगमधली माझी कार, काकांच्या दोन, काकूंच्या मुलाची बुलेट, हे सगळं मोजलं असतं तर ट्रॅफिकच झालं असतं. पण आपण कधीच ट्रॅफिकमध्ये नसतो ना, आपण 'अडकलेले' असतो. ट्रॅफिक म्हणजे बाकीचे.

हे मी धाकटीला सांगितलं, तर ती उसळलीच. "ताई, तू डेअरीतून दूध आणायला कार काढतेस! तीनशे मीटरला! आणि मी चालत ऑफिसला जायचं म्हणते तर मी ट्रॅफिक?"

बोलती बंद.

खरं सांगायचं तर तिचं म्हणणं तिच्याएवढंच नाहीये. कॅलिफोर्नियात मोठे प्रोजेक्ट वर्षानुवर्षं एकाच प्रश्नावर तोलले जायचे, जवळच्या चौकात गाड्या किती खोळंबतील? रस्त्याला ए ते एफ अशा ग्रेड, अगदी शाळेसारख्या. त्यात गोची अशी की शहरालगतच्या प्रोजेक्टला नेहमी वाईट मार्क, कारण तिथे आधीच गर्दी. आणि लांब माळरानावरच्या प्रोजेक्टला ए, कारण तिथे कुणीच नाही. मग सगळे माळरानावर आणि रोज सगळे गाडीतून शहरात. म्हणून २०१३ मध्ये तिथे कायदा झाला आणि १ जुलै २०२० पासून पर्यावरणाच्या तपासणीत खोळंब्याऐवजी हे बघू लागले की प्रोजेक्टमुळे एकूण किती किलोमीटर गाडी हाकावी लागेल.

या फूटपट्टीनं मोजा. धाकटी हडपसरला राहिली तर रोज शहर आडवं कापते. समोर राहिली तर सव्वा किलोमीटर. आम्ही सह्या करून समोरचं काम थांबवलं, तर ती माणसं काही गावी परत जाणार नाहीत. आणखी चार गावं पलीकडे घर घेतील आणि आमच्याच गेटसमोरून ऑफिसला जातील. नुसता रस्ता रुंद करूनही भागत नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९६२ मध्येच लिहून ठेवलंय की शहरातल्या हमरस्त्यावरची पीक अवरची गर्दी रस्त्याच्या क्षमतेपर्यंत वाढतच जाते. आम्हा हिंजवडीकरांना हे नियम म्हणून माहीत नसेल, अनुभव म्हणून पाठ आहे.

मग सही न करता गप्प बसायचं? तेही पटेना. शनिवारी धाकटीला बोलावलं. म्हटलं, "चल, तुझा मंत्र चालून बघू." प्लॉटपासून तिच्या ऑफिसच्या गेटपर्यंत, बरोबर सकाळी साडेनऊला. शनिवार म्हणजे निम्मी गर्दी, तरीही.

पहिले दोनशे मीटर झकास. मग फूटपाथवर केबलचं रिळ. उतरा रस्त्यावर. मग फूटपाथवरच उगवलेला ट्रान्सफॉर्मर. उतरा. मग उघडं गटार. मग बाइकवाला, फूटपाथवरून, उलट्या दिशेनं, हॉर्न वाजवत! चौकात ओलांडायला सिग्नल नाही, तिथे आम्ही एकमेकींचा हात धरून उभ्या. लहानपणी आई धरायची तसा. सव्वा किलोमीटरला २६ मिनिटं लागली आणि रस्त्यावर उतरावं लागलं १७ वेळा. मी मोजलं. ऑफिसच्या गेटवर पोचल्यावर धाकटी घाम पुसत म्हणाली, "ताई, मी स्कूटीच घेईन बहुतेक."

तिथेच मला उत्तर मिळालं. रिपोर्टनं तिची फेरी वजा केलीय, ती चालणार असं धरून. आणि तिनं मनातल्या मनात स्कूटी घेतली! अशा हजार धाकट्या. कंपाउंडच्या आत सुंदर फूटपाथ असेल, ब्रोशरमध्ये आहेच. पण सूट टिकते की नाही, ते कंपाउंडच्या बाहेरच्या सव्वा किलोमीटरवर ठरतं. मेट्रोचंही तेच. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर, २३ किलोमीटर, २३ स्टेशनं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन झालेल्या या मार्गाचा आधार रिपोर्टमध्ये जागोजागी घेतलाय. पण स्टेशनपर्यंत चालता आलं पाहिजे ना राव!

रविवारी रात्री बसून मी काकांच्या पत्राचं दुसरं पत्र केलं. 'नाकारावी' काढलं आणि चार मागण्या लिहिल्या.

एक, कामाच्या मंगळवारी किंवा बुधवारी आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या गेटवर मोजणी करा, आणि पीसीयूचा तक्ता कुठला ते लिहा.

दोन, रस्त्याचा वर्ग कागदावरून नको, सकाळी साडेनऊला आमच्या गेटसमोर उभं राहून ठरवा. म्हैस आल्यावर.

तीन, आजूबाजूला मंजूर झालेल्या सगळ्या प्रकल्पांची यादी जोडा आणि त्यांच्या गाड्या एकत्र मोजा.

चार, आतल्या फेऱ्यांची जेवढी सूट घेतलीय ती कमवा. पहिल्या फ्लॅटची चावी देण्याआधी ऑफिसांपर्यंत आणि मेट्रो स्टेशनपर्यंत सलग फूटपाथ आणि चौकात चालणाऱ्यांसाठी सिग्नल. लोक राहायला आल्यावर दरवर्षी पुन्हा मोजा. आकडा जुळला नाही, तर ऑफिसच्या टॉवरनं बस सोडाव्यात आणि वेळा मागेपुढे कराव्यात.

सोमवारी संध्याकाळी काकांना दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "अगं, यात 'नाकारावी' कुठेय?"

"नाहीये, काका."

"मग ते हो म्हणतील की!"

"म्हणू देत. पण या अटींवर म्हणू देत."

काका बराच वेळ गप्प. मला वाटलं, आता लेक्चर. पण त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात पाचवी मागणी लिहिली. 'आमच्या सोसायटीच्या गेटसमोर झेब्रा क्रॉसिंग.' मग म्हणाले, "तुझ्या काकू गुडघ्यांमुळे वर्षभर पलीकडच्या देवळात गेल्या नाहीत. रस्ता ओलांडायची भीती वाटते." आणि सही केली. पहिली.

आतापर्यंत एकतीस सह्या झाल्यात. शेजारच्या काकूंची अजून बाकी आहे, पण काल त्यांनी लिफ्टमध्ये 'ते पीसीयू म्हणजे काय गं?' असं विचारलं. म्हणजे होईल. पत्राचं पुढे काय होईल ते माहीत नाही. धाकटीनं फ्लॅटही अजून फायनल केलेला नाही आणि स्कूटीही.

आज सकाळी दूध संपलं होतं. सवयीनं कारची किल्ली उचलली. मग परत खुंटीला अडकवली आणि पिशवी घेऊन निघाले. तीनशे मीटर. चार वेळा रस्त्यावर उतरावं लागलं. चौथ्या वेळी मागून एकानं जोरात हॉर्न मारला. बहुतेक त्याला मी ट्रॅफिक वाटले असेन!